आज जरा थांबावं लागेल

(पडद्यावर: भिंतीवरचं घड्याळ, पाच वाजून चाळीस मिनिटं. खाली हजेरीचं मशीन.)

पाळी सुटायला वीस मिनिटं आहेत. हात कामावर आहेत, जीव दाराकडे लागलाय. कुणी हातमोजे काढून खिशात कोंबलेत, कुणी मशीनखालचा कचरा झाडून पुढच्या पाळीसाठी जागा मोकळी करतंय. एकजण सारखा घड्याळाकडे बघतोय. त्याची बस सहा दहाची. ती चुकली तर पुढची सव्वासातला.

तेवढ्यात सुपरवायझर येतो. हातात यादी. यादी दिसली की जुनी माणसं एकमेकांकडे बघतात. काय ऐकायला मिळणार ते त्यांना ठाऊक असतं.

"आज जरा थांबावं लागेल. आठपर्यंत. माल आजच निघायचाय."

(पडद्यावर: यादीवरून फिरणारं पेनाचं टोक. काही नावांपुढे आधीच केलेल्या खुणा.)

या बोलण्यातले दोन शब्द बघण्यासारखे आहेत. एक 'जरा'. दोन तास म्हणजे जरा. दुसरा 'लागेल'. थांबाल का, असं कुणी विचारलेलं नाही. कोण थांबवतंय, कुणाच्या हुकमानं, तेही त्यात नाही. पाऊस पडावा तसं हे वाक्य अंगावर येतं, आणि पावसाशी कोण भांडणार?

(पडद्यावर: लॉकरची रांग.)

पुढच्या दहा मिनिटांत काय काय होतं ते बघा. फोन लॉकरमध्ये जमा आहेत, म्हणून आधी फोन मागायला जायचं. पाळणाघर साडेसहाला बंद होतं, तिथे कोण जाईल याची शोधाशोध. बहिणीला फोन, ती उचलत नाही. मग शेजारच्या काकूंना फोन, या महिन्यातला तिसरा, म्हणून आवाज आणखी खाली. दुसरा एकजण संध्याकाळी सात ते दहा दुसरीकडे काम करतो आणि ते इथे कुणाला माहीत नाही. त्यानं इथे काय कारण सांगायचं? तिसरीचा डॉक्टरांकडे नंबर आहे, तीन आठवड्यांनी मिळालेला. चौथ्याला मात्र काहीच अडचण नाही. महिनाअखेर आहे, त्याला हे दोन तास हवेच आहेत. तो मनातून खूश आहे आणि बाकीच्यांसमोर ते दाखवत नाही.

मी पूर्वी पॅकिंगच्या कामावर होतो, आणि बहुतेक वेळा मी तो चौथा असायचो, हेही सांगून टाकतो. ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, म्हटलं की बरं वाटायचं. त्यामुळे जादा कामाला सरसकट शिव्या घालायला ही फिल्म केलेली नाही. दुखणं वेगळं आहे. सोमवारी सांगितलेले शुक्रवारचे दोन तास आणि शुक्रवारी पाच चाळीसला सांगितलेले दोन तास पगारपत्रकावर एकाच रकान्यात, एकाच दरानं येतात. थांबणाऱ्याला ते एकाच भावानं पडत नाहीत.

(पडद्यावर: जुना छापील दस्तऐवज, कलमांचे आकडे.)

कामाचे तास ठरवणारा पहिला आंतरराष्ट्रीय करार २८ नोव्हेंबर १९१९ रोजी वॉशिंग्टनमध्ये संमत झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना त्याच वर्षी जन्मली होती आणि तिचा करार क्रमांक एक हाच. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. एवढं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. जादा तासाला निदान सव्वापट दर, हेही त्यात आहे. त्याचं आठवं कलम मात्र फारसं कुणी वाचत नाही. काम कधी सुरू होणार, कधी संपणार, पाळ्या कधी बदलणार, हे मालकानं कामाच्या जागी ठळकपणे लावावं, असं ते सांगतं. एकदा लावलेल्या वेळा बदलायच्या तर सरकारनं मान्य केलेल्या पद्धतीनं आणि तेवढी पूर्वसूचना देऊनच. त्या वेळांबाहेर माणसाला कामाला लावणं हा गुन्हा ठरवावा, इथपर्यंत ते कलम जातं.

किती तास, किती पैसे, आणि कधी सांगितलं. तिन्ही गोष्टी पहिल्याच करारात होत्या. पहिल्या दोन जगभर गाजल्या. तिसरी त्या भिंतीवरच्या कागदावरच राहिली. माझ्या आठवणीतला तो कागद पिवळा पडलेला होता आणि त्याच्या कोपऱ्यात कुणीतरी फोन नंबर लिहून ठेवला होता. (याच करारानं ब्रिटिश हिंदुस्थानासाठी साठ तासांचा आठवडा चालवून घेतला होता, हे जाता जाता.)

मग 'माल आजच निघायचाय' याचं काय? करारात सूट आहे. अपघात झाला, होऊ घातला, यंत्र तातडीनं दुरुस्त करायचंय, अस्मानी संकट आलं, तर मर्यादा ओलांडता येते, तीही रोजचा गाडा पार अडू नये इतपतच. कामाचा असाधारण ताण आला तरी तात्पुरती सूट मिळते. पण ती सरकारी नियमानं द्यायची, मालकांच्या आणि कामगारांच्या संघटनांशी आधी बोलायचं, आणि जास्तीत जास्त किती तास ते ठरवून टाकायचं. दर शुक्रवारी येणाऱ्या ताणाला असाधारण कसं म्हणायचं, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

(पडद्यावर: तळहातावर ठेवलेला ट्रान्झिस्टर, तीन बारीक तारांचा.)

आता एका संध्याकाळची गोष्ट. सप्टेंबर १९६७. जपानमधला इलेक्ट्रॉनिक्सचा एक मोठा कारखाना. ट्रान्झिस्टरमध्ये चांगला माल अपेक्षेपेक्षा कमी निघत होता. कारण शोधण्यासाठी एका कामगाराला वरिष्ठानं त्याच संध्याकाळी थांबायला सांगितलं. तो थांबला नाही. सांगितलेलं काम त्यानं दुसऱ्या दिवशी केलं.

कंपनीनं त्याला १४ दिवस निलंबित केलं आणि माफीनामा मागितला. जादा काम करायला आपण बांधील नाही, हे म्हणणं त्यानं सोडलं नाही. नोकरी गेली.

तो कोर्टात गेला. खटला एका कोर्टातून दुसऱ्यात जात सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि निकाल लागला २८ नोव्हेंबर १९९१ला. तारीख ओळखीची वाटते? वॉशिंग्टनच्या कराराला त्या दिवशी बरोबर ७२ वर्षं पूर्ण होत होती. कामगार हरला.

जपानच्या श्रम कायद्यातलं कलम ३६ जादा कामासाठी कामगारांच्या प्रतिनिधींशी लेखी करार करायला लावतं. न्यायालय म्हणालं, असा करार झालेला आहे, सरकारी कचेरीत दाखल आहे, कंपनीच्या नियमावलीतली अट वाजवी आहे, तर ती अट नोकरीच्या कराराचाच भाग झाली. मग त्या त्या संध्याकाळी माणसाची वेगळी संमती लागत नाही. शिस्तभंगाच्या जुन्या नोंदीही त्याच्या विरुद्ध मोजल्या गेल्या.

एक संध्याकाळ चोवीस वर्षं चालली. मला हा निकाल पटत नाही. चूक शोधायचं काम सकाळी झालं असतं, आणि झालंही. पण निकालानं एक गोष्ट उघडी करून दाखवली. त्या माणसाचा होकार घेतला गेला होता. फक्त तो त्या संध्याकाळी कुणी मागितला नव्हता. फार आधी, नोकरीला लागताना, तो आपोआप पदरात पडला होता.

(पडद्यावर: नेमणूकपत्र. कॅमेरा दुसऱ्या पानाच्या बारीक अक्षरांवर सरकतो.)

तुमचं नेमणूकपत्र सापडलं तर काढून बघा. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर अशी ओळ असण्याचा संभव आहे: 'कामाच्या गरजेनुसार नेमून दिलेल्या वेळेव्यतिरिक्तही काम करावं लागेल.' पुन्हा तेच, लागेल. किती तास, किती आधी सांगून, कुणाची गरज, काही नाही. नोकरी लागल्याच्या आनंदात तो कागद वाचतो कोण? मी वाचला नव्हता.

या एका ओळीला किती वजन द्यायचं, यावर देशादेशांचे कायदे फाटे फोडतात.

अमेरिकेचा कायदा १९३८चा. आठवड्याला चाळीस तासांपुढे दीडपट मजुरी. पण प्रौढ माणसाला आठवड्यात किती तास कामाला लावावं याला त्यात वरची मर्यादाच नाही, आणि किती आधी सांगावं यावर तो गप्प आहे. दीडपट ठेवण्यामागे हिशोब असा होता, की जादा तास महाग पडले की मालक नवी माणसं घेईल. झालं असं, की नवा माणूस घ्यायचा, शिकवायचा, त्याचा विमा भरायचा, यापेक्षा आहे त्यालाच दीडपटीत थांबवणं पुष्कळ ठिकाणी स्वस्त पडायला लागलं. अडवण्यासाठी लावलेला दर, आता आमिष म्हणून वापरतात.

ऑस्ट्रेलियानं २००९च्या कायद्यात वेगळी वाट धरली. आठवड्याचे ३८ तास. त्यापुढचे तास 'वाजवी' असतील तरच मालक मागू शकतो, नसतील तर कामगार नाही म्हणू शकतो. वाजवी म्हणजे काय, हे ठरवताना बघायच्या गोष्टी कायद्यातच लिहिल्यात. तब्येतीला धोका आहे का, घरची जबाबदारी काय, जादा कामाचे वेगळे पैसे मिळतात का, आणि मालकानं किती आधी सांगितलं. कामगारानं आपला नकार किती आधी कळवला, हेही बघायचं. ही तरतूद मला आवडते, कारण ती दोघांनाही घड्याळ बघायला लावते.

युरोपीय संघात २००३चा नियम चोवीस तासांत सलग अकरा तासांची विश्रांती सांगतो. म्हणजे रात्री अकरापर्यंत थांबवलं, तर सर्वसाधारणपणे सकाळी दहाच्या आत परत बोलावता येत नाही. २०१९च्या निर्देशानं आणखी एक गोष्ट केली. ज्यांच्या कामाच्या वेळा अनिश्चित आहेत, त्यांना कुठल्या दिवशी, कुठल्या वेळांत बोलावलं जाऊ शकतं हे आधी ठरवून द्यायचं आणि बोलावताना वाजवी पूर्वसूचना द्यायची. यातलं काही पाळलं नसेल, तर कामगार नाही म्हणू शकतो आणि त्याबद्दल त्याला त्रास देता येत नाही. अमेरिकेतही ओरेगन राज्यानं २०१७ मध्ये मोठी दुकानं, हॉटेलं आणि खानपानाच्या मोठ्या साखळ्यांसाठी वेळापत्रक आधी देण्याचा कायदा केला. आधी सात दिवस, नंतर चौदा. वेळापत्रकात नसलेल्या पाळीला तिथला कामगार नकार देऊ शकतो.

भारतात १९४८च्या कारखाने अधिनियमानं पाळ्यांच्या वेळा लावून ठेवायची सक्ती केली आणि जादा तासाला दुप्पट दर ठेवला. २०२०ची व्यावसायिक सुरक्षेची संहिता २०२५च्या नोव्हेंबरात लागू झाली. तिच्यात जादा कामासाठी कामगाराची संमती लागते, असं लिहिलंय. ती संमती पाच चाळीसला, यादीवर खूण झाल्यावर घेतली तर ती कसली, हा प्रश्न कोर्टांपुढे येईलच.

(पडद्यावर: रुग्णालयाचा लांब कॉरिडॉर, रात्रीचा. खुर्चीवर एक पर्स, तिचा पट्टा लोंबतोय.)

काही कामं अशी असतात, की तिथे 'मी निघाले' म्हणता येत नाही. रात्रपाळी संपली, रिलीव्हर, म्हणजे जागा घेणारी पुढच्या पाळीची सिस्टर, आली नाही. वॉर्डात अठरा रुग्ण. सिस्टर निघून गेली तर ते रुग्णांना सोडून जाणं होईल, आणि परिचारिकेचा परवाना त्यापायी धोक्यात येऊ शकतो. म्हणून ती पर्स परत खुर्चीवर ठेवते. वॉचमनचं तेच, भट्टीवरच्या माणसाचं तेच. इथे सुपरवायझरला 'लागेल' म्हणायचीही गरज पडत नाही.

न्यूयॉर्क राज्यात २००९पासून परिचारिकांवर जादा पाळीची सक्ती करायला बंदी आहे. आपत्ती आली, रुग्णाची तब्येत एकाएकी ढासळली, शस्त्रक्रिया अर्ध्यात आहे, तर अपवाद. रोजचीच माणसांची कमतरता मात्र त्या अपवादात बसत नाही. मला हा सगळा विषय या एका फरकात दिसतो. एकदा न आलेली रिलीव्हर ही अडचण आहे. दर आठवड्याला न येणारी रिलीव्हर म्हणजे ती जागा भरलेलीच नाही. मग त्या रिकाम्या जागेचा पगार दुसऱ्यांच्या झोपेतून निघतो.

झोपेचं निघालंच आहे, तर तेही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून काढलेल्या अंदाजात, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी अधिक निघाला. जपानमध्ये कामानं येणाऱ्या मरणाला 'करोशी' असा स्वतंत्र शब्दच आहे. त्याच जपाननं, १९९१च्या त्या निकालानंतर बऱ्याच वर्षांनी, २०१९ पासून जादा तासांना शिक्षेसह मर्यादा घातली. महिन्याला ४५, वर्षाला ३६०. खास कारण असलं तरी महिन्याला १००च्या आत.

(पडद्यावर: पुन्हा ती यादी. एका नावापुढची खूण खोडलेली.)

आता नकाराचं. समजा कायदा तुमच्या बाजूचा आहे. तुम्ही नाही म्हणालात. त्या दिवशी काही होत नाही. सुपरवायझर हसून म्हणतो, "बरं, बघतो." पुढच्या महिन्यात तुम्हाला ओटी हवा असतो, तेव्हा यादीत तुमचं नाव नसतं. त्याच्या पुढच्या महिन्यात रविवारच्या पाळ्या तुमच्याच वाट्याला येतात. कंत्राटी असाल तर ठेकेदाराचा फोनच येत नाही. कुठेही 'शिक्षा' असं लिहिलेलं नसतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९३०च्या करारानं सक्तीच्या मजुरीची व्याख्या केली, ती शिक्षेची धमकी देऊन, मर्जीविरुद्ध घेतलेलं काम अशी. कायद्याच्या मर्यादेतला ओटी त्यात येत नाही. मर्यादा ओलांडून, नोकरीची भीती घालून घेतलेला येऊ शकतो. पण 'बरं, बघतो' ही धमकी आहे हे सिद्ध कसं करायचं?

संघटना असेल तिथे हा प्रश्न सोपा होतो, कारण यादी कुणी करायची आणि पाळीपाळीनं कशी फिरवायची, हे करारातच लिहिता येतं. आधी स्वतःहून थांबणारे, ते कमी पडले तर नवखे, असे क्रम ठिकठिकाणी ठरलेले असतात. ज्याला हवंय तो थांबतो, ज्याला नकोय तो जातो. बऱ्याच संध्याकाळी एवढ्यानंच भागतं.

संघटना नसेल तर? जुने कामगार एक गोष्ट सांगतात आणि वकीलही तीच सांगतात. जागेवर भांडून काम टाकून निघून जाऊ नका, जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. थांबा, आणि मग तक्रार करा. हुकूम तोंडी आला असेल, तर घरी जाताना मेसेज टाका: 'आज तुम्ही सांगितल्याप्रमाणे आठपर्यंत थांबलो.' भांडणाची भाषा नको, नुसती नोंद. अडचण असेल तर ती अडचण म्हणूनच सांगा, 'पाळणाघर साडेसहाला बंद होतं'. 'मला जमणार नाही' यापेक्षा ते कागदावर जास्त टिकतं.

नोंदीचं महत्त्व युरोपच्या न्यायालयानंही मानलं. २०१९ मध्ये स्पेनमधल्या एका कामगार संघटनेच्या खटल्यात ते म्हणालं, रोजचे तास नीट, भरवशानं मोजणारी यंत्रणा मालकानं ठेवलीच पाहिजे. ती नसेल, तर जादा तास कुठले हे कामगारानं दाखवायचं कशावरून?

(पडद्यावर: हजेरीचं मशीन. आठ वाजून बारा मिनिटं. बोट, हिरवा दिवा, बीप.)

माल निघालाय. ट्रकचा आवाज फाटकाबाहेर ऐकू येतोय. सहा दहाची बस गेली, सव्वासातची गेली, आता नऊला आहे. तो माणूस फाटकाजवळच्या दिव्याखाली थांबतो. खिशातून छोटी वही काढतो, तिच्यात पेनाचा तुकडा खोचलेला. तारीख घालतो. निघालो ८.१२, असं लिहितो. कुणी सांगितलं, ते लिहितो.

थोडा थांबतो. वहीत रकाने त्यानंच आखलेत. पगारपत्रकावर नसलेला एक रकाना शेवटी आहे. त्यात लिहितो, सांगितलं ५.४०.